डावा अंगठा

टी.वाय.चा शेवटचा पेपर. डहाणूच्या सेंटरवर वर्गात शिरण्याआधी यंत्रावर अंगठा द्यायचा होता. मी उजवा ठेवला. लाल दिवा. ओढणीला पुसून ठेवला, पुन्हा लाल.

"जुळत नाही मॅडम," यंत्रवाला सुपरवायझर बाईंना म्हणाला, रांगेला ऐकू जाईल असा.

बाईंनी हॉल तिकिटावरचा फोटो बघितला, मग मला.

"ही तूच का? फोटोत गोरी दिसतेस."

"फोटोवाल्याने केली. मी सांगितलं नव्हतं."

"कुठून आलीस?"

"सायवनहून."

"आलीस, की कोणी बसायला पाठवलं?"

म्हणजे मी डमी. माझ्या पुढची रेल्वे कॉलनीतली, तिलाही लालच लागला होता. तिला म्हणाले, घाम असेल, जा आत. मला म्हणाले, बाजूला उभी राहा. सायवनसारख्या आदिवासी गावातली पोर टी.वाय.ला पोचलीच कशी, हाच त्यांचा खरा संशय होता. मला तेव्हाही तसं वाटलं, आजही वाटतं.

घंटा झाली. आत पेपर वाटले. अर्ध्या तासानंतर कोणाला घेत नाहीत. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं, आणि हा पेपर गेला तर मला आणखी एक वर्ष कोणी शिकवणार नव्हतं. माझा अंगठा दुसऱ्याच कोणाच्या नावावर चढवलाय, असंही मनात आलं.

मग परीक्षेच्या नोंदणीचा दिवस आठवला. बाबा सोबत होते. तिथला माणूस नुसता "अंगठा" म्हणाला. मी उजवा उचलला, तर बाबांनी तो खाली दाबून माझा डावा पुढे केला. रेशनला, पंचायतीत, प्रत्येक कागदावर त्यांनी जन्मभर डावाच दिलेला. आमच्या घरात अंगठा म्हणजे डावा.

"डावा घेऊन बघा," मी म्हटलं.

"सिस्टिमला उजवाच असतो," यंत्रवाला म्हणाला.

"बघा तर."

हिरवा लागला.

"डावा कशाला दिला होतास गं?" बाई म्हणाल्या. मला त्यांच्यासमोर बाबांना अडाणी ठरवायचं नव्हतं.

"वीस मिनिटं गेली माझी. ती मिळतील?"

"वेळ वाढत नाही. बस जा."

"आधी कागदावर सही घ्या."

"मशीनमध्ये आली ना हजेरी."

"उद्या मशीन म्हणालं, ही आलीच नव्हती, तर?"

बाईंनी कागद सरकवला. वेळ जात होता, तरी मी नाव, बाबांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण लिहिलं. मग आत गेले.