मधलं मोठं

माझी लेक शिल्पकार आहे, हे वाक्य इतकी वर्षं मी चारचौघांत जरा पुटपुटतच म्हणायचो. शिल्पकार म्हटलं की लोक लगेच विचारतात, कुणाचा पुतळा केला? तिने कुणाचाच केलेला नाही. ती तागाच्या जाड कापडाला सुतळीने टाके घालते, आत भाताचा पेंढा ठासते, वरून पातळ मातीचा हात फिरवते आणि माणसाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या आकृत्या उभ्या करते. डोकं नाही, हात नाहीत, पाय नाहीत. एकदा मी विचारलं, "हे नक्की काय आहे?" ती म्हणाली, "काय म्हणजे? आहे." मी सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस. फाइलवर कुणी असलं उत्तर लिहिलं असतं तर ती फाइल तशीच्या तशी परत पाठवली असती.

बदली होऊन कोलकात्याला आलो तेव्हा ती शाळेत होती. निवृत्त झाल्यावर पुण्याला जायचं चाललं होतं, पण तिचं काम इथे, म्हणून आम्ही बेहालातच राहिलो. फ्लॅटबरोबर खाली गॅरेज मिळालं होतं. गाडी आम्ही कधी घेतली नाही, तेव्हा गॅरेज तिने बळकावलं. बजबजच्या गिरणीतून तागाचे गठ्ठे यायचे आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात त्याचा वास यायचा.

गेल्या हिवाळ्यात तिचं पहिलं एकटीचं प्रदर्शन ठरलं. आणि ते तोंडावर आलेलं असताना आमच्या शिल्पकार बाईसाहेब बसमधून उतरताना पडल्या. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. बाकीचं सगळं झालं होतं. हॉलच्या मधोमध ठेवायची सगळ्यात मोठी आकृती तेवढी राहिली होती. घरात आम्ही तिला "मधलं मोठं" म्हणायचो. गॅलरीवाले तारीख हलवायला तयार नाहीत. लेक गॅरेजमध्ये स्टुलावर बसून रडली. मी बायकोकडे बघितलं, तर ती म्हणाली, "मला ब्लाउज शिवता येतो, पोती नाही. तुम्ही दिवसभर काय करता हो? पेपरच वाचता ना?"

अशा रीतीने पोती शिवायचं दाभण माझ्या हातात आलं. लेक स्टुलावरून सांगणार, मी शिवणार. पहिल्या आठवड्यात आमची रोज जुंपायची. मी सारख्या अंतरावर टाके घालायचो, ती म्हणायची, "बाबा, सरळ नको." मी म्हणायचो, "मुद्दाम वाकडं कसं शिवायचं, ते तरी सांग!" "मुद्दाम नाही. कापड जिकडे ओढतंय तिकडे जा." कापड ओढतं म्हणे! दोनदा मी दाभण आपटून वर निघून गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन खाली आलो.

मग कसं कोण जाणे, ते जमायला लागलं. पेंढा आतून रेटतो, कापड एका बाजूला ताणतं, हे बोटांना कळायला लागलं. दुपारी ती गोळी घेऊन झोपायची आणि मी एकटाच खाली असायचो. एकदा एका बाजूला पोट लोंबायला लागलं, तेव्हा मी कापड आत मुडपून तिथे एक खोल चुणी घातली. सबंध आकृती जरा वळल्यासारखी झाली. लेक उठून आली, बराच वेळ बघत राहिली आणि फक्त "हं" म्हणाली. मला तेवढं पुरलं. उभ्या नोकरीत मी केलेली एकही गोष्ट मला हाताने चाचपता आली नव्हती. ही येत होती. मी खूश होतो, अगदी लहान मुलासारखा खूश होतो.

मधलं मोठं पुरं झालं आणि साहजिकच मी शेखी मिरवली. बराकपूरला माझा एक मित्र राहतो, बँकेतून निवृत्त झालेला, आपल्याकडचाच. त्याला आणि इथल्या मराठी मंडळातल्या आणखी चारपाच जणांना मी बजावून ठेवलं, "हॉलच्या मधोमध असेल ते नीट बघा. का, ते तिथेच सांगेन." टेम्पो भरला त्या दिवशी मी मध्ये मध्ये केलं नाही. लेकीला ते खपत नाही. टेम्पो गेल्यावर तिने गॅरेजला कुलूप घातलं.

उद्घाटनाला गेलो. पांढऱ्या भिंती, हळू बोलणारी माणसं, फिश फ्रायच्या बश्या. मधोमध भलतीच आकृती उभी. मी सगळा हॉल दोनदा फिरलो. मधलं मोठं कुठेच नव्हतं. तेवढ्यात बराकपूरकर त्या भलत्याच आकृतीपुढे उभा राहून मोठ्याने म्हणाला, "वा, वा! काय काम आहे!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

लेकीला मी जिन्याकडे ओढलंच. "कुठे आहे ते?"

"गॅरेजमध्ये."

"का? वाईट झालं होतं? तसं तोंडावर सांगायचं होतंस!"

"वाईट नाही, बाबा. चांगलं झालंय." "आधी मी सांगत होते. मग तुम्ही विचारणंच सोडलंत. ती आतली चुणी मी सांगितली नव्हती, मला ती सुचलीही नसती. ते मी माझं म्हणून कसं ठेवू? चोरी होईल ना ती."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आज आला असतात?"

आलो नसतो. चिडून घरी बसलो असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. रडू आवरायला ती वर छताकडे बघत होती. मला राग आलेला होताच, आणि खोटं कशाला बोलू, त्या रागातच माझी छाती फुगली होती. तिच्या कामापुढे उभं राहून "हे काय आहे" विचारणारा मी, आणि ती म्हणत होती की हे मला सुचलं नसतं. मी तिच्या नुकत्याच प्लास्टर निघालेल्या मनगटावर थोपटलं आणि म्हटलं, "जा, लोक थांबलेत."

हॉलमध्ये परत आलो तर मंडळी माझीच वाट बघत होती. मी सरळ सांगून टाकलं की हे सगळं तिचं आहे, एकूण एक टाका तिचा. बराकपूरकराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अरे, मग तुझं कुठलं?"

"माझं घरी आहे," मी म्हणालो.