फ्लायव्हीलचे सहा बोल्ट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एक जुनी मोटार घेतली आणि कोल्हापूरहून कागलच्या शाळेत शिकवायला स्वतः चालवत जाऊ लागले. घरात कुणालाच ते रुचलं नव्हतं. त्यामुळे चौथ्या वर्षी गाडीच्या पोटात ठकठक सुरू झाली तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. गॅरेजातल्या मिस्त्रींनी बॉनेटला कान लावून निकाल दिला, ‘बाई, इंजिन गेलंय. इकून टाका.’ दिरांनी लगेच गिऱ्हाईक शोधलं. नवरा म्हणाला, ‘एष्टी हायच की.’

एष्टी होती, मलाही ठाऊक होतं. पण गाडी गेली की मी पुन्हा सगळ्यांच्या सोयीनं निघणार आणि सगळ्यांना विचारून परतणार. ते मला नको होतं.

शिवाय क्लच दाबला की तो आवाज बदलायचा, म्हणजे दोष इंजिनात नसून क्लचच्या बाजूला असणार. रोज मी चालवत होते, म्हणून ते मलाच कळत होतं. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, ‘तुमी पोरं शिकवा बाई, इंजिनचं आमी बघतो.’

‘गिअरबॉक्स उतरवा,’ मी म्हटलं. ‘माझं चुकलं तर गाडी तुमीच इका.’ आणि तिथंच स्टूल ओढून बसले.

गिअरबॉक्स उतरला, क्लच निघाला. मागचं फ्लायव्हीलचं जड चाक हातानं डुगडुगत होतं. सहा बोल्टांपैकी एक तुटलेला, बाकीचे नुसत्या बोटांनी फिरत होते. वर्षापूर्वी क्लचप्लेट बदलताना मिस्त्रींनीच ते खोलले होते. आमच्याकडची रीतच ती. निघालेला बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचा, पान्याच्या दांड्याला लांब पाइप जोडायचा आणि अंगात असेल तेवढा जोर लावून आवळायचा. चांगला दिसणारा बोल्ट टाकून देणं म्हणजे माज.

आताही त्यांचा हात रॉकेलच्या डब्याकडे गेलाच. ‘एक नवा घालतो, पाच हेच. आवळतो की दाबून.’

‘सगळे नवे. आणि पाइप न्हाय, जोर मोजणारा टॉर्क पाना आणा. गाडीच्या पुस्तकात तसंच लिहिलंय.’

‘पुस्तकावर गाडी चालत न्हाय बाई.’

‘तुमच्या पाइपवर तरी कुठं चालली?’

तो पाना त्यांना शेजारच्या गॅरेजातून मागून आणावा लागला. बोल्ट सैल निघाले त्यापेक्षा त्याचाच त्यांना जास्त राग आला. तुटका तुकडा काढण्यात दुपार गेली. मी हलले नाही.

संध्याकाळी गाडी दारात आणली तेव्हा दीर गिऱ्हाइकाला घेऊन बाहेरच्या सोप्यात बसले होते. मी मुद्दाम इंजिन चालू ठेवलं. क्लच दाबला, सोडला. ठकठक नाही. दिरांचा चेहरा खुलला.

‘ब्येस झालं वैनी. आता चटकन खपंल.’

म्हणजे आवाजाशी त्यांना काही देणंघेणंच नव्हतं. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो चपला शोधत होता. मी इंजिन बंद केलं आणि किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

‘पावणं, गाडी इकायची न्हाय,’ मी म्हटलं. ‘बसा, भावजी चहा करतील.’