दहा पायांचं पाखरू

मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी थेट असं फारच थोडं बोलल्या होत्या. भांडण वगैरे काही नव्हतं. चांदवडकडच्या त्यांच्या गावात सासू जावयाशी मोजकंच बोलते, तो समोर आला की पदर पुढे ओढून घेते, एवढंच. मी शेजारच्याच खुर्चीत बसलेला असलो तरी त्या बायकोला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, चहा गार व्हतोय." बायको माझ्याकडे बघून म्हणायची, "चहा गार होतोय." आणि मी कप उचलायचो.

आमचं घर सातपूरला, तिसऱ्या मजल्यावर. आषाढात मामींच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा डोळा दोन महिन्यांनी करायचा ठरला, म्हणून मधल्या काळात त्यांनी इथंच राहावं असं बायकोनं परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंब दिले आणि महिनाभर वाकायचं नाही, धुरात-धुळीत जायचं नाही अशी ताकीद दिली. साऱ्या आयुष्यात दुपारी कधी आडवी न झालेली बाई, तिला हे सगळं शिक्षेसारखंच होतं. बायको शाळेत शिकवायला जायची, मी पाळीप्रमाणे कारखान्यात. मामी गॅलरीत उभ्या राहून कामगारांच्या बस बघत असायच्या. कुठली बस किती वाजता येते हे त्यांना आठवड्याभरात पाठ झालं.

माझं काम तपासणी विभागात. आठ तास मायक्रोमीटर हातात धरून पार्ट मोजायचे. चार वर्षांपूर्वी कंपनीतल्या एकानं त्याचा जुना कॅमेरा विकायला काढला, तो मी लांब लेन्ससकट घेतला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून तळ्यावर जायची सवय लागली. त्र्यंबक रस्त्यानं थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो, त्याच्या टोकाला हे तळं आहे. मोठं नाही. एका बाजूला कमळाची पानं दाट पसरलेली, दुसऱ्या बाजूला म्हशी उतरतात. मी बांधावर बसायचो, पक्षी दिसला की कॅमेरा उचलायचो, आणि तोवर पक्षी उडालेला असायचा. बायको माझे फोटो बघून म्हणायची, "तुमच्या फोटोत पाणी छान येतं हां."

एका संध्याकाळी मी टीव्हीवर फोटो लावून बघत होतो. एक फोटो त्यातल्या त्यात बरा आला होता. पाण्यात पोहणारा तपकिरी, छोटा पक्षी. पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तो 'टिबुकली' म्हणून टाकला होता, आणि आत बायकोलाही तसं ओरडून सांगितलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "ही पाणबुडी नाय."

मी वळून पाहिलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आत बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं.

"तुम्ही टिबुकली म्हणता ती पाणबुडीच ना?" मामी टीव्हीकडेच बघत बोलत होत्या. "पाणबुडीला शेपूट नसतं. बुडाला नुसता पिसांचा गोंडा. हिला शेपूट हाय, खाली पांढरंबी हाय. पाणकोंबडीचं पिल्लू हाय हे."

मी पुस्तक काढून पाहिलं. मामींचं बरोबर होतं.

"तुम्हाला कसं माहीत, मामी?"

"आमच्या तळ्यावर धुणं धुण्यात जल्म गेला की. धुणं आपटताना नजर कुठं ठेवणार?" मग आपण जावयाशी बोललो हे एकदम लक्षात आल्यासारखं त्यांनी पदर पुढे घेतला आणि त्या आत गेल्या.

महिना संपला, डॉक्टरांनी बाहेर फिरायला परवानगी दिली. बायको म्हणाली, "उद्या तुम्हाला सुट्टी आहे. आईला तळ्यावर घेऊन जा."

"जावयाच्या मागं? गाडीवर?" मामी हबकल्याच. "लोकं काय म्हणतील?"

"इथं तुला ओळखतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा मामी नऊवारी नेसून, काळा चष्मा लावून, पिशवीत दशम्या बांधून तयार बसल्या होत्या.

मोटरसायकलवर त्या एका बाजूला पाय सोडून बसल्या. एका हातानं मागचं कॅरियर घट्ट धरलं, दुसऱ्या हातात पिशवी. मला धरायचा प्रश्नच नव्हता. ऑपरेशन केलेल्या सासूबाई आणि श्रावणातले खड्डे. मी इतक्या हळू चाललो होतो की दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना वळून बघून हसला. कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा मागून आवाज आला, "जरा जोरात घ्या की. पाखरं काय आपल्यासाठी थांबत्यात व्हय?"

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच पसरलं होतं. पावसाची उघडीप होती. मामी बांधावर बसल्या, चष्मा काढला आणि एक विचित्र खेळ सुरू केला. उजवा डोळा झाकायचा, डाव्यानं बघायचं. मग डावा झाकायचा, उजव्यानं बघायचं. असं चार-पाच वेळा केलं.

"काय झालं, मामी? दुखतंय का?"

"नाय हो. ह्या डोळ्यानं पाणी चहावानी दिसतंय. आन् ह्या डोळ्यानं निळं." त्यांनी पुन्हा डोळे आलटून पालटून झाकले. "इतकी वर्सं मी चहाच बघत व्हते की."

इतक्यात कमळाच्या पानांतून एक जांभळी पाणकोंबडी बाहेर आली. लाल चोच, लाल पाय, अंगावर निळा-जांभळा रंग असा चमकत होता की मीही कॅमेरा विसरलो. मामी तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या तळ्यावर ह्या लय व्हत्या. आमी त्यांना काळ्याच म्हनायचो." आणि हसायला लागल्या. त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आम्ही दशम्या खाल्ल्या. मामी बोट दाखवायच्या, मी कॅमेरा वळवायचो. खंड्या, बगळे, विजेच्या तारेवरचे वेडे राघू. मला जे पक्षी तासन्‌तास दिसायचे नाहीत ते त्यांना बसल्या जागी दिसत होते. अर्ध्या तासानं त्यांनी माझी बाही ओढली.

"ते बघा. त्या पाखराला किती पाय हायेत?"

"दोन."

"नाय. लय हायेत. मोजा तुमी."

मी लेन्समधून शोधायला लागलो. कमळाच्या पानावर तांबूस पंखांचा, काळ्या मानेचा कमळपक्षी होता. डोळ्यावर पांढरी रेघ. पण तो सापडेपर्यंत पुढच्या पानामागे गेला. बाहेर आला तेव्हा सरळ दोन पायांवर, पानांवर लांब बोटं टाकत निवांत चालला होता.

"दोनच आहेत, मामी."

"आत्ता दोन हायेत. मघाशी धा व्हते."

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. एकाचे दोन दिसतात हे ऐकलं होतं, दोनाचे दहा हे काहीतरी भयंकर असणार. घरी आल्यावर बायकोला बाजूला घेऊन सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही मामींना घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी यंत्रातून डोळा पाहिला, अक्षरं वाचायला लावली. मामींना अक्षरं फार येत नव्हती, म्हणून त्यांना इंग्रजी E सारखे काटे कुठल्या दिशेला वळलेत ते विचारायचा तक्ता लावला. मामींनी सगळ्यात खालची ओळसुद्धा भराभर सांगितली.

"डोळा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "कशाला आणलंत?"

मी अडखळत सांगितलं, "त्यांना एका पक्ष्याला दहा पाय दिसले."

डॉक्टरांनी मामींकडे पाहिलं. मामी ठामपणे म्हणाल्या, "व्हते धा."

"मग असतील," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आता मलाच चैन पडेना. पुढच्या सुट्टीला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी बायकोही आली, ती रिक्षानं, कारण मामींनी मोटरसायकलवरची जागा सोडली नाही. तिघंही बांधावर बसलो. कमळपक्षी होता, आणि या वेळी त्याच्या आसपास चार पिल्लं होती. कापसाच्या बोंडाएवढी, आणि पाय मात्र अंगापेक्षा मोठे. ती पानावरून पानावर धावत, घसरत, पुन्हा उठत. बायको म्हणाली, "अगं बाई, किती गोड!" मी फोटो काढत होतो. पण पाय दोन ते दोनच.

दोन तास गेले. ऊन तापलं. बायको म्हणाली, "आता निघू या का?"

"थांब," मामी म्हणाल्या. त्या आकाशाकडे बघत होत्या. पलीकडच्या काठावरून एक घार खाली खाली येत होती. "आता बघा. कॅमेरा धरा, जावईबापू. पाखराकडं धरा, घारीकडं नगं."

घारीची सावली पानांवरून सरकली. कमळपक्ष्यानं एक आवाज काढला आणि खाली बसून पंख थोडे फुगवले. चारही पिल्लं धावत आली आणि त्याच्या पंखांखाली घुसली. दोन उजवीकडे, दोन डावीकडे. त्यानं पंख अंगाशी आवळले, उभा राहिला आणि चालायला लागला. पिल्लं वर उचलली गेली होती. बाहेर फक्त त्यांचे लांबलांब पाय लोंबकळत होते.

माझं बोट बटणावरून हललंच नाही. कॅमेरा खटखटत राहिला.

"मोज," मामी लेकीला म्हणाल्या. "मोज आता."

बायकोनं बोटानं हवेत मोजले. "...आठ, नऊ, दहा!" आणि आम्ही तिघं बांधावर इतक्या मोठ्यानं हसलो की पलीकडच्या म्हशींनी माना वर केल्या.

तो फोटो माझ्या चार वर्षांतला पहिला असा, ज्यात पाण्याशिवायही काही छान आलं होतं. ग्रुपवर टाकला तर भराभर उत्तरं आली. जे कधी माझ्या फोटोला साधा अंगठाही देत नसत त्यांनीही विचारलं, कुठे, कधी, कसा. एका जाणत्या माणसानं लिहिलं की हा नर आहे. कमळपक्ष्यांमध्ये अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं नरच करतो, मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते.

मी ते मामींना वाचून दाखवलं.

"बाप हाय हा?" मामी टीव्हीवरच्या फोटोकडे बघत राहिल्या. "आन् आई?"

"दुसरीकडे. तिचा तिकडे दुसरा संसार."

मामी लेकीकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं आमच्या वेळी हे कुनाला ठाऊक नव्हतं." आणि पदरात तोंड लपवून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायको घाबरून थेंबांची बाटली घेऊन धावली.

भाद्रपदात डावा डोळाही झाला. दोन्ही डोळ्यांनी सारखं निळं दिसायला लागल्यावर मामी गावी गेल्या. जाताना फोटोची मोठी प्रत सोबत नेली. मी फ्रेम करून दिली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी कारखान्यात माझा फोन वाजला. मामींनी याआधी कधी मला फोन केल्याचं मला तरी आठवत नाही. त्या बायकोलाच करत.

"जावईबापू, आमच्या तळ्यावर बदकं आलीत. लय. डोकं तांबडं, त्यावर पिवळा टिळा. तुमच्या पुस्तकात हायेत का?"

ते तरंग बदक असणार, हे मला लगेच कळलं. मी म्हणालो, "आहेत, मामी. रविवारी येतो."

"रविवारी नगं. रविवारी पोरं दगडं मारत्यात. उद्या या."

मी साहेबांकडे जाऊन एका दिवसाची रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, सासूबाईंनी बोलावलंय. ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आणि बायको पोचलो तेव्हा मामी बांधावर आमच्या आधीच होत्या, आणि एकट्या नव्हत्या. वेशीजवळच्या पाच-सहा बायका, धुण्याच्या बादल्या बाजूला ठेवून, ओळीनं बसलेल्या होत्या. समोर पाण्यावर बदकांचा मोठा थवा शांत तरंगत होता. मी कॅमेरा लावला, आणि मामींनी माझ्या हातातून तो काढून घेतला.

"आधी हिला दाखवते," त्या शेजारणीला जवळ ओढत म्हणाल्या. "ह्या भोकातून बघ. एक डोळा झाक. असा. आता सांग, टिळा दिसला का?"