पायाळूचं पथ्य

मी पायाळू आहे, आणि या गोष्टीचा मला मनापासून कंटाळा आलेला आहे. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आले, यात माझं काय कर्तृत्व? पण बल्लारपूरला आमच्या चाळीत कुणाच्या पाठीत उसण भरली की ती बाई आमच्या दारात पालथी पडायची आणि आई मला अभ्यासावरून उठवायची. तीनदा पाय लावायचा, बोलायचं नाही, परत अभ्यासाला बसायचं. पुढे मी फिजिओथेरपी शिकले. चार-साडेचार वर्षं हाडं आणि सांधे घोकले ते, खरं सांगायचं तर, लोकांनी माझा पाय मागणं बंद करावं म्हणूनही.

आता धानोऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस बसते. गडचिरोलीहून बसनं जाते, बसनं येते. लोकांना गोळी हवी असते, सुई हवी असते. व्यायाम लिहून दिला तर त्या कागदाची घडी खिशात जाते आणि तिथंच मरते. तेच तेच सांगून माझी जीभ झिजली, पण बोलते, कारण पगार त्याचाच मिळतो.

मोहफुलं पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. आश्रमशाळेत शिकणारी एक सोळा वर्षांची मुलगी वडिलांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आली. खो-खो खेळताना खांबाला वळसा घातला आणि डावा घोटा मुरगळला. शाळेनं घरी पाठवलं, घरच्यांनी गरम तेलानं दोन दिवस रगडून चोळला. मोच आली की चोळायचीच, हे आपल्याकडे ब्रह्मवाक्य. व्हायचं तेच झालं, पाय भोपळा होऊन आला होता. फोटो काढला, हाड शाबूत होतं. बाहेरच्या बाजूचा सांध्याचा बंध अर्धवट फाटला होता.

पोरीनं एकच विचारलं, किती दिवस? सात आठवड्यांनी नागपूरला क्रीडा वसतिगृहाची निवड होती. पळणं, उडी, वळणं, सगळं बघणार होते. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, म्हणजे संधी ही एकच. मी म्हटलं, होईल, पण आधी पूर्ण आराम. मासळीवाल्याकडून बर्फ आणून शेकायचं, पट्टी बांधायची, निजताना पाय उंच ठेवायचा, चोळायचं अजिबात नाही. सगळं कागदावर लिहून दिलं.

दोन आठवड्यांनी आली तर घोटा पुन्हा सुजलेला. माझं डोकंच सणकलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहाटे मोह वेचायला जंगलात जाते, आल्यावर बोअरवरून पाण्याचे गुंड, म्हणजे भरलेले हंडे, डोक्यावर आणते. मी वडिलांना म्हटलं, भाऊ, आराम सांगितला होता ना? ते बिचारे खरोखर गोंधळले. म्हणाले, "आराम त करूनच राह्यली ना मॅडम. शाळेत कुठी जाते ते?"

कपाळावर हात मारून घेतला. पोरगी मान खाली घालून पायाच्या बोटांकडे बघत होती, आणि डोळ्यांतलं पाणी टपकू नये म्हणून पापणीसुद्धा हलवत नव्हती. दोन आठवडे वाया गेले होते, पाच उरले होते.

तेवढ्यात आमच्या दवाखान्यातल्या मावशींनी तोंड उघडलं. त्यांना मी एकदा, थकलेली असताना, माझं पायाळूपण सांगून बसले होते. वडील लगेच हात जोडून उभे. मॅडम, मग पाय लावून द्या ना. मला इतका राग आला की मावशींना आधी बाहेर काढलं. यासाठी शिकले का मी? आणि मग त्या पोरीच्या घोट्याकडे पाहिलं आणि वाटलं, जाऊ दे, माझं शिक्षण राहू दे तिकडं.

दार लावून घेतलं. उजवा पाय तिच्या घोट्याला नुसता टेकवला, तीनदा. मग जमेल तेवढा गंभीर चेहरा करून सांगितलं की पायाळूनं पाय लावला की एकवीस दिवसांचं पथ्य असतं. डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. जंगलात पाऊल टाकायचं नाही. घोट्याला कुणी हात लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ उगवतीकडे तोंड करून एका पायावर उभं राहायचं, तीस आकडे मोजेपर्यंत. पथ्य मोडलं तर पाय उलटतो. असलं पथ्य माझ्या आईनंही कधी ऐकलं नव्हतं. पण ज्या माणसानं माझा कागद एकदाही उघडला नव्हता, त्यानं हे सगळं दोनदा म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता.

आणि पाळलं. पुढच्या खेपेला सूज उतरलेली. मग मी पथ्य वाढवत नेलं. टाचा उचलायच्या, घडी केलेल्या पोत्यावर एका पायानं तोल धरायचा, नंतर डोळे मिटून धरायचा. चौथ्या आठवड्यात सरळ पळणं, पाचव्यात दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती वळणं. पोरगी जिद्दीची. कधी हूं की चूं केलं नाही.

निवड झाल्याचं तिनं गुरुजींच्या फोनवरून कळवलं. मी बसमध्ये होते. शेजारच्या बाईला काय वाटेल याचा विचार न करता मी रडले. आनंद होता, आणि लाजही होती, लबाडीनं जिंकल्याची.

पोरगी नागपूरला गेली. जूनमध्ये तिचे वडील पुन्हा आले, या वेळी तिच्या आईला घेऊन. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. कंबर धरलेली, टेबलावर चढताना माझा हात घ्यावा लागला. कधीपासून दुखतं, विचारलं. म्हणाली, मोह पडत होता तेव्हापासून. पाणी दोघी भरायच्या, ते एकटीवर आलं, वेचणंही एकटीवर. पोरीच्या डोक्यावरचा गुंड मी मोठ्या हुशारीनं उतरवला होता. तो कुणाच्या डोक्यावर गेला, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी तपासायला लागले तर तिनं माझा हात धरला. दाराबाहेर नवरा बसला होता. ती हळूच म्हणाली, "बाई, पाय लावा. पायानं होते का नाई, मले नाई मालूम. पथ्यानं होते, ते मी पाह्यलं."

मी तिला पालथं निजवलं आणि स्टुलावर चढून कमरेला पाय लावला. मग भाऊंना आत बोलावलं आणि पथ्य सांगायला लागले. ओझं नाही, वाकणं नाही, पाणी दुसऱ्यानं भरायचं. किती दिवस, त्यांनी विचारलं. एकवीस म्हणणार होते, पण तोंडातून निघालं, सव्वा महिना.

पालथी पडलेली ती बाई उशीत तोंड खुपसून म्हणाली, "तेवढा त बाळंतपणातही नाई भेटला."