मल्लेश्वरीची उलटतपासणी

बीदरच्या ज्या लॉ कॉलेजात मी आठवड्यातून दोनदा शिकवायला जाते, तिथे शेवटच्या वर्षाला ऐच्छिक सेमिनार असतात. मुलांनी यादीतला एक निवडायचा. यादी मोठी भारदस्त आहे. सायबर कायदा, कंपनी कायदा, पर्यावरण कायदा आणि सगळ्यात तळाला माझी उलटतपासणी. सायबर कायद्याचा वर्ग ओसंडून वाहतो, कारण तिथे हजेरी कोणी घेत नाही आणि गाईडमधून उतरवून काढलं की मार्क पडतात. माझ्या तासाला उभं राहून बोलावं लागतं. म्हणून माझ्याकडे येतात ते उशिरा फॉर्म भरलेले, नाहीतर घरच्या कुण्या वकिलाने ढकललेले. प्राचार्य दरवर्षी विचारतात, "विजयश्री म्याडम, ह्या वर्षी बंद करू या का?" मी दरवर्षी भांडते.

मल्लेश्वरी मात्र आपणहून आली होती. चिटगुप्प्याची पोरगी, लिंगायत घरातली, वडिलांचं बी-बियाणांचं दुकान. रोज बसने जाऊन-येऊन करायची. बारीक चणीची आणि आवाज असा खालचा, की पहिल्या दिवशी मी खेकसले, "जरा मोठ्यानं बोल, कोर्टात पंखे फिरत असतात." तिने नुसती मान हलवली आणि पुढच्या वाक्यापासून आवाज चढवला. रुसली नाही, लाजली नाही. तेव्हाच ती माझ्या मनात भरली.

साक्षीदाराला नातं लावायचं नाही, हा माझा पहिला नियम. आमच्या भागात तो पाळणं महाकठीण. इथे अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा तरी आधी मामा, अण्णा, अक्का काहीतरी म्हणावं लागतं, आणि एकदा मामा म्हटल्यावर त्याला खोटारडा कोणत्या तोंडाने ठरवणार? माझे जुने पक्षकार राघोबा यांना मी सरावापुरता साक्षीदार म्हणून वर्गात आणलं. शेजाऱ्याला बांधावरची बाभळ तोडताना आपण पाहिलं, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. औरादचा बालाजी उलटतपासणीला उठला, हात जोडले आणि म्हणाला, "मामा, तुम्हाला तवा दिसलं नसंल, असं म्हणायला मला बी बरं वाटत न्हाई."

"दिसलं की, लेकरा," राघोबा म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून बालाजी खाली बसला. मी कपाळावर हात मारून घेतला. बाकीच्यांनी राघोबांना चहा पाजला, एकाने तब्येतीची चौकशी केली. ह्या पोरांना कायदा येतो, पण मोठ्या माणसाला अडचणीत टाकायला जीभ रेटत नाही, आणि वर्षानुवर्षं मी ह्याच भिंतीवर डोकं आपटतेय.

मग मल्लेश्वरी उठली.

"तुम्ही ओढ्याकडनं आलात?"

"व्हय."

"ओढ्याच्या आणि बाभळीच्या मधी ऊस हाय?"

"हाय की."

"तवा ऊस तुमच्या डोक्याच्या वर होता?"

"बराच वर."

मल्लेश्वरी खाली बसली. मग तुम्हाला बाभळ दिसली कशी, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर राघोबांनी काहीतरी थाप मारली असती. हवं ते उत्तर मिळालं की बसायचं, बाकीचं न्यायाधीश बघतो. हे शिकायला माझी उमेदीची वर्षं गेली होती. मी त्या दिवशी तिला सांगितलं, "सनद घे आणि थेट माझ्या ऑफिसात ये." तिचा चेहरा असा फुलला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर कळलं, सेमिनार बदलून घेतलाय, सायबर कायदा. म्हणजे कॉलेजला यायचीच गरज नाही, नुसती परीक्षा द्यायची. माझं डोकंच फिरलं. फोन उचलेना, तेव्हा रविवारी मी सरळ चिटगुप्प्याची बस धरली.

तिचे वडील चनमल्लप्पा मला दारातच सामोरे आले. भला माणूस. हातपाय धुवायला पाणी, मग सरबत, मग लिंगम्मांनी, म्हणजे तिच्या आईने, पोहे आणले. मल्लेश्वरी आईच्या मागे उभी होती. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा कलबुर्गीचा, औषधांचं दुकान, घर चांगलं.

"ठरू द्या की," मी म्हणाले, "पण सेमिनार कामून सोडायला लावला? सनद घेऊ द्या, वकिली करू द्या."

"तिलाच नको झालंय, म्याडम. रोज बसचा तरास. आमी काय आडवायलोय का?"

आणि मी, जी कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडते, ती काय म्हणाले? "अण्णा, तुम्ही मोठे आहात, जरा विचार करा." एवढंच! त्यांच्या घरचे पोहे खात होते ना. स्वतःची चीड आली, तरी पुढचा घास घेतला.

तेव्हा मल्लेश्वरी आईच्या मागून पुढे आली. ह्या घरात आपसात कन्नड चालतं, मराठी दुकानात गिऱ्हाइकांशी. तिने बापाशी मराठी काढली आणि एकदाही अप्पा म्हणाली नाही.

"शेताची वाट शेजाऱ्यानं आडवली, तवा आपला वकील तुमच्याशी धड बोलत नव्हता?"

चनमल्लप्पा गोंधळले. "व्हय, नव्हता."

"तवा तुम्ही म्हणलात, घरातच एक वकील पायजे?"

"म्हणलो."

"मला लॉला तुम्हीच घातलं?"

"मीच घातलं."

"कलबुर्गीच्या लोकांनी बघायला आल्यावर विचारलं, पोरगी कोर्टात जाणार का?"

"इचारलं."

"तुम्ही म्हणलात, न्हाई, निस्ती डिग्रीसाठी शिकायलीय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लिंगम्मांकडे. "म्हणलो."

"मला इचारलं नव्हतं?"

"न्हाई."

"म्हंजी मला नको झालंय, हे आत्ता म्याडमला सांगितलं, ते खोटं होतं?"

लिंगम्मांनी पदर तोंडाला लावला. चनमल्लप्पांनी डाफरायला हवं होतं, निदान उठून तरी जायला हवं होतं. तसं काही केलं नाही. "व्हय," ते म्हणाले, "खोटं होतं."

मल्लेश्वरी खाली बसली. इतकी स्वच्छ उलटतपासणी मी बीदरच्या कोर्टात पाहिलेली नाही. एक प्रश्न जास्त नाही, एक कमी नाही. आता निकाल तिच्या बाजूने लागणार, एवढीच मी वाट बघत होते.

चनमल्लप्पा कन्नडवर आले. लेकीला म्हणाले, तुझं सगळं खरं आहे, बाळा, चूक माझीच आहे. पण मी शब्द दिलाय. मग लिंगम्मांना म्हणाले, म्याडमला ताट वाढा, उन्हाचं उपाशी जाऊ नयेत.

एवढंच. ज्याने कबुली दिली तोच माणूस निकाल द्यायला बसला. समोरच्याने सगळं मान्य केल्यावरही केस हरता येते, हे माझ्या कुठल्याच तासात आलं नव्हतं. शिकवणार तरी काय होते? मी जेवले नाही. बसचं निमित्त सांगून उठले.

मल्लेश्वरी दारापर्यंत आली. डोळे कोरडे होते. तिने वर्गात विचारायची तसंच विचारलं, "म्याडम, माझा एखादा प्रश्न चुकला का?"

"एकही नाही."

"मग मी हारले कामून?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आतून चनमल्लप्पांची हाक आली, कन्नडमध्ये, मायेनेच. मल्ले, दार लावून घे गं, माशा येतायत.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.