लोकरीला विटाळ नाही

"दहा उड्या मार," धाकटे डॉक्टर म्हणाले.

ते दवाखान्याच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी खाली अंगणात, शेवटच्या पायरीच्याही खाली, उघड्या अंगाने उभा होतो. मी उड्या मारल्या. खडी तापलेली आणि पायात काही नाही. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"खोक."

खोकलो.

"जीभ काढ. दात दाखव. वळ. बस, हो बाजूला."

झाली माझी छाती तपासून. बाजारात बैल घेतानासुद्धा माणूस त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो. माझ्या आधीचा, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटमन मराठा होता. त्याला त्यांनी वर बोलावलं, मनगट धरून नाडी बघितली, लाकडी नळी त्याच्या छातीला टेकवली आणि दुसऱ्या टोकाला स्वतःचा कान लावला. ती नळी वीतभर लांब. म्हणजे डॉक्टरांचा कान माझ्या छातीपासून वीतभर आला असता. तेवढं नको, म्हणून उड्या.

माझ्यामागे आमच्याच वस्तीतला धोंडू होता. तो इंजिनावर कोळसा फोडायचा. त्यालाही उड्या मारायला लावल्या. मारता मारता तो स्वतःच हसला, लोकांना बरं वाटावं म्हणून. ते हसू मला उड्यांपेक्षा जास्त लागलं.

हे कल्याणचं. जंक्शनच्या इंजिनशेडमागे रेल्वेचा दवाखाना होता, तिथलं. मी महाराच्या पोटी जन्मलो. विठ्ठलवाडीच्या अंगाला आमची वस्ती. वस्तीतली बहुतेक माणसं शेडमधल्या राखेच्या खड्ड्यात कामाला. इंजिन वर उभं राहतं, आपण खाली उतरायचं आणि त्याच्या पोटातली पेटती राख ओढून काढायची. मी सहा वर्षं ओढली. मग एक दिवस घाटाच्या गाडीला फायरमन मिळेना. पास्कू ड्रायव्हर खड्ड्याच्या काठावर आला, खाली वाकला आणि मला म्हणाला, "कोलसा मारशील काय रे?"

मी वर आलो तो पुन्हा खाली गेलो नाही.

पास्कू माजिवड्याचा, ख्रिस्ती. त्याच्या पूर्वजांनी पोर्तुगीजांच्या अमलात धर्म बदललेला. तो माझ्याच डब्यातलं पाणी प्यायचा आणि त्यात त्याला काही विशेष वाटायचं नाही. मला मात्र पहिले कित्येक दिवस ते पाणी पिताना त्याच्या गळ्याकडे बघावंसं वाटायचं. चार वर्षं मी त्याच्याबरोबर इंजिनावर होतो. वळणावर सिग्नल माझ्या बाजूने आधी दिसायचा. मी ओरडून सांगायचो आणि पास्कू वाफ कमी करायचा. इंजिनावर मला माझी जात आठवायला फुरसत नसायची.

मग हुकूम आला. कुठेतरी कोणा ड्रायव्हरने तांबडा दिवा हिरवा समजून गाडी पुढे हाकली होती म्हणे. आता इंजिनावरच्या आणि सिग्नलवरच्या सगळ्यांनी शरीर आणि नजर तपासून घ्यायची. जो नापास होईल तो इंजिनावरून खाली. मी खाली आलो असतो तर माझी जागा ठरलेलीच होती. खड्डा.

त्या दिवशी मुंबईहून गोरा साहेब डॉक्टर आला होता. तो आतल्या खोलीत पंख्याखाली बसून कागदांवर सह्या करत होता. बाहेर तपासत होते ते धाकटे डॉक्टर, कल्याणचेच, ब्राह्मण. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. ते मला ओळखत नव्हते. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होतो.

माझी आई त्यांच्या परसात लाकडं फोडायला जायची. मी ढलप्या गोळा करायला तिच्याबरोबर. वैशाखात भर दुपारी मागच्या दारातून आत दिसायचं. हे डॉक्टर आणि त्यांचे वडील जाडजूड धाबळ्या नेसून जेवायला बसलेले, घामाने निथळत. मी आईला विचारलं, एवढ्या उन्हाळ्यात लोकर कशाला नेसतात? आई कुऱ्हाड न थांबवता म्हणाली, "सुताला इटाळ व्हतो. लोकरीला व्हत नाय. म्हनून." मी पुढे काही विचारलं नाही, पण ते माझ्या डोक्यात राहिलं.

छाती झाली, आता नजर. ओट्यावरच्या टेबलावर पांढरं कापड पसरलेलं आणि त्यावर लोकरीच्या छोट्या छोट्या लडींचा ढीग. हिरव्या, गुलाबी, राखाडी, तपकिरी, नाना रंगांच्या. डॉक्टर त्यातली एक फिकी हिरवी लड काढून बाजूला ठेवायचे. तशाच रंगाच्या सगळ्या लडी, गडद असोत की फिक्या, आपण ढिगातून वेचून तिच्याजवळ ठेवायच्या. रंगाचं नाव घ्यायचं नाही. नावं माणूस पाठ करून येतो, हातांना ते जमत नाही, म्हणून हातांनीच वेचायचं. हे धाकट्या डॉक्टरांनीच सकाळी सगळ्या रांगेला समजावून सांगितलं होतं.

माझी पाळी आली. मी पायरीवर पाय ठेवला.

"खालीच. खालीच थांब."

त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने एक लांब वेताची काठी आणून माझ्यापुढे जमिनीवर टाकली.

"काठीने दाखव. मी उचलतो."

टेबल ओट्यावर, मी अंगणात. टेबलाची फळी माझ्या गळ्याशी येत होती. ढिगातल्या वरवरच्या लडी तेवढ्या दिसत होत्या, बाकीचा ढीग त्यांच्यामागे झाकलेला. डोळ्यांवर ऊन. मी काठी पुढे केली. लांब काठीचं टोक स्थिर राहत नाही. ते मी एका हिरव्या लडीवर नेलं. त्यांनी तिच्या शेजारची उचलली. राखाडी.

"ही?"

"नाय महाराज, तिच्या बाजूची."

"बाजूची कुठली? नीट दाखव."

पुन्हा दाखवली. पुन्हा त्यांनी भलतीच उचलली. मी खरं तेच सांगतो, त्यांनी ते मुद्दाम केलं नाही. त्यांना घाई होती आणि काठीच्या टोकाकडे बघायचा कंटाळा होता. मुद्दाम केलं असतं तर मला कमी राग आला असता. निदान त्यांनी माझ्याकडे बघितलं तरी असतं.

तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा त्यांनी हातातली लड ढिगात टाकली. "याला रंग कळत नाही. नापास. अंगठा घे रे याचा."

शिपायाने कागद आणि शाई पायरीवर ठेवली. माझे वडील पलटणीत होते. त्यांनी मला बाळबोध अक्षर शिकवलं होतं. मी म्हणालो, "मला सही येते." कोणी ऐकलं नाही. मी कागदाला हात लावला नाही. पण निघताना वाकून "जोहार" मात्र म्हणालो. नापास करणाऱ्याला जोहार. त्याची लाज मला आजही वाटते.

शेडच्या दारात पास्कू उभा होता. तो सकाळीच पास झाला होता.

"काय झाला?"

"नापास."

"कशात?"

"नजरेत."

तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला. मी त्याला काठीचं सांगितलं. तो म्हणाला, "मी तर दोन्ही हात घालून धुंडला. तुला का नाय दिला?" मग त्याने मान वळवून इंजिनाकडे बघितलं. चारची गाडी होती. हळूच म्हणाला, "आता मना दुसरा फायरमन बघाया लागंल."

तो दुष्टपणे बोलला नाही. गाडी जायला हवी होती, एवढंच. पण चार वर्षं एका डब्यातलं पाणी प्यायलेल्या माणसाने माझी जागा एका वाक्यात रिकामी केली. मी सुन्न झालो. आणि तशातच मला आईची कुऱ्हाड ऐकू आली. लोकरीला व्हत नाय.

मी मागे फिरलो.

रांग अजून संपली नव्हती. धोंडू काठी हातात घेऊन अंगणात उभा होता. मी त्याच्या बाजूने पुढे गेलो. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. मी टेबलापाशी गेलो आणि दोन्ही हात लोकरीच्या ढिगात घातले.

धाकटे डॉक्टर खुर्ची ढकलून उठले. "अरे, बाटवलंस सगळं!"

शिपाई धावला. मी थांबलो नाही. हिरवी काढली, ठेवली. दुसरी हिरवी काढली, ठेवली. आरडाओरडा ऐकून आतून साहेब आला. हातात टाक तसाच. शिपायाने त्याला सांगितलं की या माणसाने शिवून लोकर बाटवली. साहेबाने रांगेकडे बघितलं, मग खिशातल्या घड्याळाकडे. त्याला संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं.

"लोकर खराब हुआ? इम्तहान बंद?" त्याने धाकट्या डॉक्टरांना विचारलं.

तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत.

"सांगा साहेबाला," मी म्हणालो. "तुम्ही धाबळी नेसून जेवता. माझी आय तुमच्या परसात लाकडं फोडायची, मी बघितलंय. लोकरीला इटाळ व्हतो काय?"

धाकट्या डॉक्टरांना वाट उरली नव्हती. लोकर बाटली म्हणावं तर परीक्षा बंद आणि साहेबाचा दिवस फुकट. शिवाय घरच्या धाबळीचं काय? बाटली नाही म्हणावं तर मला काठी कशासाठी दिली? त्यांच्या कपाळावर घाम आला. तो परसातून दिसायचा तसाच.

"नाही," ते खाली बघून म्हणाले. "लोकरीला विटाळ नाही."

"मग मला काठी का दिली?"

ते ढकललेली खुर्ची ओढून घेऊ लागले. मी पुन्हा विचारलं.

साहेबाने टाकानेच खूण केली, चल, वेच. मी हिरव्या वेचल्या. मग त्याने गुलाबी ठेवली, त्या वेचल्या. मग तांबडी. एकही चुकली नाही. "आँख अच्छी है," तो म्हणाला आणि हसत आत गेला. वस्तीत अजून सांगतात की साहेब माझ्या बाजूने उभा राहिला. खोटं आहे. काठीचं त्यानेही विचारलं नाही. त्याला गाडी गाठायची होती.

मी कागदावर बाळबोधीत सही केली. जोहार केला नाही. माझ्यानंतर धोंडूने काठी खाली ठेवली, वर आला, हातांनी लडी वेचल्या आणि पास झाला. त्याला कोणी अडवलं नाही. शेडकडे येताना तो म्हणाला, "तू हात घातलास म्हनून मी पन घातला." चार वाजता मी इंजिनावर चढलो. पास्कूने फावडं माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं, मी जिंकलो.

दीड वर्षाने धोंडू कसाऱ्याच्या चढावर गेला. कोळसा फोडता फोडता खाली बसला आणि तोंडातून रक्त आलं. वरच्या स्टेशनात त्याला उतरवलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. तो कधीचा खोकत होता, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. त्याच्या बायकोने त्याचा कागद जपून ठेवला होता. तिने तो मला दाखवला आणि मी पास्कूला. पास्कूला थोडं इंग्रजी वाचता येतं. तो म्हणाला, "लिवलंय की छाती चांगली हाय."

मी माझा कागद आणला. त्यावरही तेच. त्याच हाताने लिहिलेलं.

दहा उड्यांवरून लिहिलेलं.

त्या दिवशी मी डोळ्यांसाठी पायऱ्या चढलो. छातीसाठी उड्या मारल्या आणि बाजूला झालो. माझी जागा राहिली, एवढ्यावर मी खूश होतो. मी हात घातला म्हणून धोंडूने घातला. मी नळी मागितली असती तर त्यानेही मागितली असती. नळी लावली असती तर त्याच्या छातीत काय चाललंय ते ऐकू आलं असतं. तो वाचला असता की नाही, मला माहीत नाही. पण कोणी ऐकलं असतं. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि धाकट्या डॉक्टरांनाही नाही.

उद्या पुन्हा तपासणी आहे. दवाखाना तोच, डॉक्टर तेच. आमच्या वस्तीतले अकरा जण आता इंजिनावर आणि सिग्नलवर आहेत. काल त्यांना घरी बसवून मी सगळं सांगितलं. एकजण म्हणाला, "आन त्यांनी खड्ड्यात धाडला तं?" मी म्हणालो, धाडतील. खड्ड्यातून आलोय, खड्डा मला ठाऊक आहे. पण न ऐकलेली छाती चांगली असल्याच्या कागदावर मी पुन्हा सही करणार नाही. मग धोंडूचा भाऊ म्हणाला, "मी तुझ्यामागं."

रांगेत पहिला मी असेन. तीन पायऱ्या चढून टेबलापाशी जाईन, सदरा काढीन आणि म्हणेन, नळी लावा. ते खोक म्हणतील. मी खोकणार नाही. ते खाली हो म्हणतील. मी होणार नाही. त्यांना माझ्या कागदावर काही लिहायचं असेल तर आधी त्यांना आपला कान इथे आणावा लागेल, माझ्या छातीपासून वीतभर अंतरावर. नाही आणला तर रांग तिथेच थांबेल आणि चारची गाडीही.

उद्या मी उडी मारणार नाही.