चोरखिशातलं पिस्तूल

मी आयुष्यात एकदाच पिस्तूल बाळगलं, आणि तेसुद्धा बनियनच्या चोरखिशात.

आता पिस्तूल म्हणजे तसं ते लायटर होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ज्या वेळी सांगणं गरजेचं होतं त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. (सिगरेट मी ओढत नाही, हेही सांगून ठेवतो.)

कुवेतवरून युद्ध पेटलं तेव्हा आम्ही रियाधला होतो. मी, बायको शुभा आणि सात वर्षांची पिंकी. मी एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचो. क्षेपणास्त्रं येणार, त्यांत विषारी वायू असणार, असं जो तो सांगत होता. म्हणून सगळ्यांसारखी आम्हीही एक खोली चिकटपट्टीने बंद करायची तयारी ठेवली होती. जबाबदारी माझी. तालीमसुद्धा केली होती. पहिला भोंगा वाजला तेव्हा आम्ही जेवत होतो. मी एका उडीत खोलीत शिरलो, दार लावलं आणि एकूण एक फट बुजवली, दुहेरी पट्टी लावून! काम चोख झाल्याच्या समाधानात मागे वळून पाहिलं, तर खोलीत मी आणि माझं वरणभाताचं ताट एवढेच होतो. शुभा आणि पिंकी बाहेर.

दार उघडायला चार मिनिटं लागली. (पट्टी खरोखरच चांगली होती.) त्या चार मिनिटांत शुभा बाहेरून एक अक्षर बोलली नाही, आणि पुढचा आठवडाभरही नाही. जे काही असेल ते पिंकीमार्फत. "बाबांना विचार, ताट इथे वाढू की खोलीत?" असं.

मला फार लाज वाटत होती. खरंच सांगतो, क्षेपणास्त्रांपेक्षा तिच्या त्या गप्प बसण्याचीच मला जास्त धास्ती होती.

चौथ्या दिवशी ताइफहून साडूंचा फोन आला. इकडे भोंगा नाही, काही नाही, गुलाबी थंडी आहे, निघून या. रियाध ते ताइफ म्हणजे दिवसभराची गाडी आणि दोन्ही बाजूंना वाळवंट. त्यात ऑफिसात कुणीतरी म्हणालं की हल्ली एकट्यादुकट्या गाडीला रस्त्यात लुटतात. कुणाला लुटलं, कुठे लुटलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण मला मात्र माझी गेलेली अब्रू परत मिळवायचा रस्ता सापडला. समोर दरोडेखोर उभा आहे, मी शांतपणे खिशातून पिस्तूल काढतो आहे आणि शुभा ते बघते आहे! हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. जेवताना दिसायचं, नकाशे काढताना दिसायचं. एकदा तर जिन्याच्या जागी मी नकाशात दुसरंच काहीतरी काढून बसलो.

खरं हत्यार बाळगणं म्हणजे आधी तुरुंग आणि मग कफीलने, म्हणजे तिथल्या जामीनदार मालकाने, काढून दिलेलं परतीचं विमान. म्हणून खऱ्यासारखं दिसणारं काहीतरी बघायला मी बत्ह्याच्या बाजारात हसनमियांच्या दुकानात गेलो. हसनमिया रत्नागिरीकडचे. घड्याळं, अत्तरं, लायटर असलं सगळं विकायचे आणि पंधरा वर्षांत अरबी लिहा-वाचायलाही शिकले होते.

"खिशात मावेल, कुणाला दिसणार नाही आणि वेळेला चटकन निघेल, असं पिस्तूल दाखवा," मी हळू आवाजात म्हणालो.

"कोनाला दाखवायचा हाय?"

"दरोडेखोराला."

हसनमियांनी जरा विचार केला. "आनि त्यानं त्याचा दाखवला मंग?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण आता माघार नव्हती. त्यांनी पिस्तुलाच्या आकाराची तीन लायटरं काढून मांडली. पहिलं इतकं जड की खिशात टाकताच पँट एका बाजूने खाली आली. एक हात पट्ट्याला गुंतला, उरलेल्या हाताने दरोडेखोराला भिववायचं की पँटची दुसरी बाजू धरायची? दुसरं रुपेरी, पांढऱ्या मुठीचं, फारच देखणं. पण चाप ओढला की त्यातून वाढदिवसाचं गाणं वाजायचं. तिसरं काळं, तळहातात मावणारं. हेच ते! मी दुकानाच्या आरशापुढे ते खिशातून झटकन काढायचा सराव सुरू केला. पहिल्या खेपेला रुमाल निघाला. दुसऱ्या खेपेला फणी. तिसऱ्या खेपेला पिस्तूल निघालं, पण नळी माझ्याकडे होती. एव्हाना दुकानात गर्दी जमली होती आणि एकाने मला त्याची किंमतही विचारली.

शिवाय ते कुठल्याही खिशात ठेवलं तरी फुगीर दिसे. मोज्यात घातलं तर तळपायाखाली जाई. शेवटी हसनमिया कंटाळून म्हणाले, "साहेब, गावाकडची आपली मानसं परवासाला निघाली की जोखीम खंय ठेवतात?"

चोरखिसा! माझ्या सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे शुभा प्रत्येक प्रवासाआधी माझ्या बनियनला आतून डाव्या छातीवर चोरखिसा शिवते, वर बटणासकट. पिस्तूल त्यात असं बसलं की जणू त्याच्या मापानेच शिवला होता. बाहेर काढायचं तर शर्टाची तीन बटणं आणि चोरखिशाचं एक, म्हणजे दरोडेखोराला दीड मिनिट थांबायची विनंती करावी लागली असती. पण दिसत नव्हतं, हे नक्की.

निघायच्या सकाळी शुभाने ते टेबलावर पाहिलं. बोलली नाहीच, पण आत जाऊन हळदकुंकू घेऊन आली. आमच्या घरात नव्या वस्तूला कुंकू लागल्याशिवाय ती वापरायची नाही, असा नियम आहे. फ्रिज, मिक्सर, गाडी, कुणीही सुटलेलं नाही. पिस्तुलाला तिने ओल्या कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट लावलं. मग आठवड्याभरात प्रथमच माझ्याशी थेट बोलली.

"वस्तू मूर्खपणाची आहे, पण नवी आहे," ती म्हणाली.

तेवढ्यानेही मला बरं वाटलं. पांढराशुभ्र शर्ट घालून मी गाडी काढली. पण जिवाला चैन नव्हती. ते जागेवर आहे ना? दर दोन मिनिटांनी मी छाती चाचपायचो. ऊन वाढलं, घाम सुटला, आणि माझं चाचपणं चालूच. "बाबा, स्टॉप इट," पिंकी मागून दोनदा म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

दुपारी लष्कराची चौकी आली. एका तरुण शिपायाने गाडीत डोकावून आमचे इकामे, म्हणजे राहायचे परवाने, मागितले. मग त्याची नजर माझ्या छातीवर गेली आणि तो पांढराफटक पडला. "दम! दम!" तो ओरडला. मी खाली पाहिलं. डाव्या छातीवर, बरोबर काळजावर, शर्टातून लालभडक डाग उमटला होता आणि अजून पसरत होता. दम म्हणजे रक्त, एवढी अरबी मला येत होती.

कुंकू आहे म्हणावं, तर कशाला लावलं ते सांगावं लागणार. गप्प बसावं, तर इस्पितळ! मी दोन्ही हातांनी डाग झाकला. त्यामुळे तर त्यांची खात्रीच झाली. तिघांनी मला अलगद उचललं आणि वाळूत घोंगडीवर निजवलं. एकाने पाणी पाजलं, दुसरा कात्री घेऊन आला. "मी बरा आहे, यल्ला, जातो," असं मी तीन भाषांत सांगितलं. त्यांनी बहुधा मला वात झाला असं धरलं. कात्री शर्टातून वर सरकली, बनियन फाटलं आणि लाल झालेलं पिस्तूल माझ्या पोटावरून घरंगळून घोंगडीवर पडलं.

सगळे चार पावलं मागे सरले. बंदुका माझ्याकडे वळल्या. मी डोळे मिटले. मला तुरुंग दिसला, विमान दिसलं, आणि या दोघींचं इथे कोण, हा विचार आला तेव्हा मात्र मला रडूच फुटलं.

"अंकल, इट इज ओन्ली अ लायटर," गाडीतून पिंकीचा आवाज आला.

त्यांचा वयस्कर अधिकारी पुढे झाला. त्याने पिस्तूल रुमालात धरलं, नळी आकाशाकडे केली आणि चाप ओढला. काही नाही. (कुंकू भोकात गेलं होतं.) पुन्हा ओढला. तिसऱ्या खेपेला बोटभर ज्योत निघाली. मग त्याने लाल झालेल्या रुमालाकडे बोट दाखवून शुभाकडे पाहिलं. तिने आपल्या कपाळाकडे बोट दाखवलं. अधिकारी हसायला लागला तो खोकला येईपर्यंत. "व्हाय?" त्याने मला विचारलं. "फॉर प्रोटेक्शन," मी म्हणालो. फाटका शर्ट, डोळ्यांत पाणी आणि पोटभर कुंकू, अशा अवस्थेत.

त्याने आम्हाला चहा पाजला, पिस्तूल परत दिलं आणि एका कागदावर अरबीत दोन ओळी लिहून शिक्का मारला. पुढच्या चौक्यांवर हे दाखव, म्हणाला. आणि काय सांगू त्या कागदाचा प्रताप! प्रत्येक चौकीवर शिपाई तो वाचत, माझ्याकडे बघत आणि अगदी हसतमुखाने गाडी सोडत. एकाने तर मला खजूर दिले. ताइफला पोचल्यावर मी साडूंना तो दाखवला. लष्करी पास आहे, असा सहजासहजी कुणाला मिळत नाही, असंही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यावर प्लॅस्टिक चढवून आणलं.

युद्ध संपलं, आम्ही रियाधला परतलो. पहिल्याच शुक्रवारी मी शुभाला घेऊन हसनमियांकडे गेलो आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. मग पुन्हा वाचला. सांगू की नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"सांगा," शुभा म्हणाली.

"ह्या मानसाजवळ पिस्तूल हाय," हसनमियांनी वाचलं. "घाबरू नका. तोच घाबरलाय."

शुभा दुकानातल्या स्टुलावर बसून हसली. त्या भोंग्यानंतर पहिल्यांदाच, आणि अशी की तिला हसताना बघून मलाही हसू आवरेना. घरी आल्यावर तिने उरलेली चिकटपट्टी काढली आणि तो कागद त्याच खोलीच्या दारावर लावून टाकला. पुढे चार वर्षं तो तिथे होता. ज्यांना अरबी येत नसे अशा पाहुण्यांना मी तो लष्करी पास म्हणून दाखवायचो, आणि शुभा चहा घेऊन आली की त्यांना भाषांतर करून सांगायची.